पाचवी झाली की येईन

९ जानेवारी १९२७, रविवार

फादर ओगुस्तांनी दिलेली एक वही आहेच. तिच्यात हजेरी, कोणता धडा झाला आणि कोण आजारी, एवढंच लिहायचं असतं. दर महिन्याला ते ती पाहतात. ही दुसरी वही मी काल मंगरूळच्या बाजारातून आणली. हिच्यात जे लिहीन ते फादरांनी पाहू नये असं वाटतं, म्हणजे सुरुवातच चोरीनं झाली म्हणायची.

आसेगावला येऊन मला चौदा महिने झाले. गावाबाहेरच्या वस्तीत मिशनची एक मातीची खोली आहे, पुढं ओसरी. दिवेलागणीला माणसं शेतातून येतात, हातपाय धुतात आणि बसतात. मी त्यांना प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची पाठ कबुली, शिकवतो. सगळी मोठी माणसं, बहुतेक घरची पोरंबाळं असलेली. अक्षर कुणाला येत नाही, तेव्हा सगळं तोंडी. सुरुवातीला तेवीस होते, आता अकरा उरले. येत्या ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा व्हायचा. त्याआधी, ईस्टरपूर्वीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी, फादर येऊन परीक्षा घेतील आणि मी केलेली यादी वाचतील. यादीत कुणाचं नाव घालायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं आहे. माझ्यावर कुणी काही सोडावं असं आजवर झालं नव्हतं, त्यामुळे जरा छाती फुगली आहे. ते पाप असेल तर असो, इथं लिहून टाकलं.

इंद्रभान सगळ्यांत पुढं आहे, झोपेतून उठवला तरी धडाधड म्हणेल. सगळ्यांत मागं पंचफुला. जगदेवची बायको, सातवा महिना सरत आलेला. विश्वासांगीकारात पंतय पिलात, येशूला क्रुसावर देणारा रोमी सुभेदार, आला की ती अडते.

"हा कोन पावना मंधातच घुसला, मास्तर? चांगलं देवाचं चाललं होतं."

सगळे हसतात, तीही हसते, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

तिची सासू सोजरबाई दारातच बसते. आत येत नाही, उठूनही जात नाही. सुपात तूर घेऊन खडे वेचत असते. सून घरी एकटी चालत जाऊ नये म्हणून बसते म्हणे. मला तर वाटतं माझ्या चुका वेचायलाच बसते.

२३ जानेवारी, रविवार

आज संकटकाळचा बाप्तिस्मा शिकवला. कुणी मरायला टेकलं आणि फादर जवळ नसले, तर कुणीही पाणी घालावं. कपाळावर पाणी ओतत म्हणायचं: मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. इंद्रभाननं विचारलं, कुणीही म्हणजे किरिस्ताव नसलेला पण? मी म्हणालो, हो, तो पण. हात कुणाचाही चालतो, मनात फसवणूक नको. मात्र जिवंत माणसावरच, मेल्यावर उपयोग नाही. आणि एकदाच. झालेल्यावर जाणूनबुजून पुन्हा घालणं हे मोठं पाप.

सरावासाठी एक डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणलं होतं. प्रत्येकानं लोटा घेऊन डांगरावर पाणी घातलं आणि शब्द म्हटले. दारातून म्हातारी बोललीच.

"डांगर किरिस्ताव झालं आता. त्याची भाजी करसान तं पाप लागन, मास्तर."

मी लक्ष दिलं नाही. त्यांना माझीच गोष्ट सांगितली. संवत छप्पनच्या, म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मी पाच-सहा वर्षांचा असेन. छावणीत माझे आईबाप कोणते हेही कुणाला ठाऊक नव्हतं. हे पोर संध्याकाळ काढत नाही म्हणून एका सिस्टरनं माझ्यावर पाणी घातलं आणि सिमोन नाव ठेवलं. मी जगलो. आधीचं नाव गेलं ते गेलंच. ही गोष्ट सांगताना माझा आवाज नेहमी थोडा भरून येतो आणि ऐकणारे गप्प होतात. आज पंचफुला गप्प झाली नाही.

"मंग तवा तुमाले विश्वासांगीकार येत होता का, मास्तर?"

सगळे हसले. ती गोष्ट वेगळी, असं मी म्हणालो. वेगळी कशी, ते सांगायला दिवा विझत आला होता.

६ फेब्रुवारी, रविवार

पंचफुलाच्या गळ्यात काळा धागा दिसला. पदर सरकला तेव्हा. विचारलं तर म्हणाली, सटवाईचा आहे. तिची तीन लेकरं गेली, एकही सहा महिन्यांपुढं जगलं नाही. म्हणून या खेपेला सासूनं सटवाईपुढं बसून धागा बांधला. बाळंतपण झाल्यावर पाचव्या दिवशी सटवाई पुजायची आणि मग तो काढायचा, अशी रीत.

मी सांगितलं, धागा गळ्यात असेल तर यादीत नाव येणार नाही.

"पाचवी झाली की काढतो ना, मास्तर. माह्या हातानं काढून तुमच्या हातात देतो. पाच दिवसाचा तं सवाल आहे. तुमची परीक्षा अन् माहं बाळंतपन एका टायमालेच येऊन राह्यलं, त्याले मी काय करू?"

मी म्हणालो, देवाला पाच दिवस थांब म्हणतेस का?

ती म्हणाली, "तो थांबते. तुमीच थांबत नाई."

सगळ्यांसमोर बोलली. दारात म्हातारीचा तूर वेचणारा हात थांबला होता. मी म्हणालो, गळ्यात धागा असलेल्या अंगावर बाप्तिस्म्याचं पाणी चालत नाही, आजच काय ते ठरव. असं कुठल्या पुस्तकात आहे हे मला आत्ता लिहिताना आठवत नाही. पण रागात नव्हतो मी. शिस्तीचं बोललो.

११ फेब्रुवारी

धागा आहेच. पदर ओढून घेते, म्हणजे मला दिसू नये. पंतय पिलात मात्र आज न अडता म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या माणसाला प्रश्न विचारला.

२० फेब्रुवारी, रविवार

यादी पूर्ण केली. दहा नावं. पंचफुलाचं नाव आधी लिहून मग खोडलं. खोडाखोड फादरांना दिसू नये म्हणून सगळी यादी नव्या कागदावर उतरवली. जगदेवला सांगितलं, तुझं नाव आहे, तिचं पुढच्या वर्षी पाहू. तो म्हणाला, "तुमी म्हनसान तसं, मास्तर." भला माणूस. वाद घालत नाही.

राखेच्या बुधवारला दहा दिवस आहेत. उठणं-बसणं अजून नीट नाही. फादर आत आले की सगळ्यांनी एकदम उठायचं, आशीर्वाद झाला की एकदम गुडघे टेकायचे. यांचं म्हणजे एक उठतो तेव्हा दुसरा बसलेला असतो.

२६ फेब्रुवारी, शनिवार

पंचफुला गेली.

आधी नुसतं हेच लिहून वही मिटली होती. पुन्हा उघडली आहे. जसं झालं तसं लिहितो.

बुधवारी फादर येणार म्हणून आज दुपारीच सगळ्यांना बोलावलं होतं. ऊन उतरणीला लागलं असताना जगदेव ओसरीशी आला. सकाळपासून बाळंतपण चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. म्हणाला, पोरगी झाली, पोरगी बरी आहे.

"पंचफुला तुमाले बलावून राह्यली, मास्तर. आत्ताच्या आत्ता या म्हने."

मी विचारलं, बाळंतिणीच्या खोलीत माझं काय काम?

"रगत लय गेलं तिचं."

मी म्हणालो, सुईण आहे ना? तो म्हणाला, आहे. मग मी जे बोललो ते असं: "पाचवी झाली की येईन म्हणावं. धागा निघाला की."

दोन-तीन जण हसले. मला ते हसणं आवडलं, हे लिहायलाच हवं. जगदेव थोडा वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला आणि गेला. मी वर्ग चालू ठेवला. किती वेळ, ते नक्की सांगता येत नाही. पण गुडघे टेकण्याचा सराव त्यानंतर निदान दहा-बारा वेळा झाला, कारण शेवटी शेवटी सगळे एकदम उठायला लागले आणि मी त्यांना शाबास म्हणालो.

मग चुटपुट लागली म्हणून निघालो. त्यांच्या घरापुढं बायका उभ्या होत्या. सोजरबाई भिंतीला टेकून पोर छातीशी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत गेलो. आत कुणी नव्हतं.

पंचफुला गोधडीवर होती. केस कपाळाला चिकटलेले, उशाकडची गोधडी ओलीचिंब, इतका घाम आला असेल बिचारीला. गळ्यात धागा नव्हता. ओढाताणीत तुटला असावा. लोटा जवळच आडवा पडला होता, रिकामा. मी माठातून पाणी घेतलं आणि तिच्या कपाळावर घालून शब्द म्हटले.

तिचा हात गार होता. पाणी घालण्याआधीच मी तो धरून पाहिला होता.

बाहेर आलो. जगदेवनं विचारलं, "झालं का, मास्तर?" मी म्हणालो, "झालं." तेव्हा सोजरबाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तिला माझा काय राग आला असेल, तो मी समजू शकतो.

२७ फेब्रुवारी, रविवार

मिशनच्या जागेत पुरलं. मी क्रूस केला, दोन काठ्यांचा. त्यावर नाव मारिया पंचफुला. मिशनच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदवहीत लिहिलं: संकटकाळी बाप्तिस्मा, देणारा सिमोन, धर्मशिक्षक. अक्षर चांगलं आलं आहे. हात जरासुद्धा कापला नाही, त्याचंच आश्चर्य वाटतं.

अंगात जीव थोडा वेळ राहतो म्हणतात. असेलही. कोण सांगणार?

२ मार्च, राखेचा बुधवार

फादर आले, त्यांच्या सायकलीवर, धुळीनं भरलेले. परीक्षा उत्तम झाली. सगळे एकदम उठले, एकदम गुडघ्यावर आले. फादर हसले आणि म्हणाले, "सिमोन, ही तर पलटण झाली."

नोंदवही पाहिली. पंचफुलाच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, "तू वेळेवर पोचलास. देवानं तुला तिच्यासाठीच इथं पाठवलं होतं." मी मान खाली घातली. ती नम्रता आहे असं त्यांना वाटलं.

त्यांच्यापुढं पापनिवेदन केलं. रागावलो, प्रार्थनेत आळस केला, गर्व झाला, असं सांगितलं. एक पाप सांगितलं नाही. जाणूनबुजून दडवलं तर आधीची सांगितलेली पापंही माफ होत नाहीत, हे मीच यांना शिकवतो. त्यांनी कपाळाला राख लावली तेव्हा ती पुसून टाकावी असं वाटलं.

१३ मार्च, रविवार

म्हातारी अजून येते. सून नाही, कुणाला घरी न्यायचं नाही, तरी दारात येऊन बसते. सुपाऐवजी मांडीवर आता पोर असते. शेळीच्या दुधात कापूस भिजवून तिच्या तोंडात पिळते. पोर जगली आहे. आज मधेच विचारलं तिनं, कधी नव्हे ते खालच्या आवाजात.

"मास्तर, एकडाव पानी देल्यावर दुसऱ्या डाव देलं तं पयलं मिटते का?"

बाप्तिस्म्याबद्दल विचारते आहे हे कळलं. बरं वाटलं, म्हातारी शिकते आहे म्हणून. मी सविस्तर सांगितलं, हे मोठं पाप आहे, पवित्र गोष्टीचा अपमान आहे, असं होऊ देणाऱ्याला देवापुढं जाब द्यावा लागतो. ती ऐकत राहिली. मग पोरीला पदराखाली घेतलं आणि उठून गेली. धडा अर्धाच झाला होता.

१८ मार्च, होळी

वस्तीत होळी पेटली. माझे दहाजण गेले नाहीत, ओसरीवर बसून दुरून पाहत राहिले. मीच त्यांना जाऊ नका म्हणालो होतो. मागच्या वर्षी पंचफुला जाऊन आली होती आणि दुसऱ्या दिवशी मला गाठी आणून दिली होती. मी ती घेतली नव्हती. साखरेची गाठी, तिच्यात काय देव असतो? घेतली असती तर काय झालं असतं?

सकाळी क्रुसापाशी जाऊन आलो. तिथं काय म्हणायचं ते कळत नाही. ती बाप्तिस्मा झालेली असेल तर एक प्रार्थना आहे, नसेल तर दुसरी. मी दोन्ही म्हटल्या नाहीत.

२९ मार्च

जेवण जात नाही. रुख्मिणी, माझ्या दहाजणांतली विधवा बाई, भाकर आणि वरण ठेवून गेली. म्हणाली, "मास्तर उपास लय कडक करून राह्यले यंदा." वस्तीत माझ्या उपासाचा बोलबाला आहे म्हणे. करायला गेलो एक आणि पदरात हे पुण्य.

१३ एप्रिल, बुधवार

आज सोजरबाई वर्गाच्या आधीच आल्या. उन्हातच. पहिल्यांदा दार ओलांडून आत आल्या आणि खाली बसल्या. पोर झोपली होती. मी वही आवरत होतो.

"मास्तर, परवा फादरसायब येतीन. त्याइच्या आधी तुमाले सांगतो. मले मारा का हाकला, पन आयकून घ्या."

मी बसा म्हणालो, त्या बसलेल्याच होत्या.

"तुमच्या आंधी मी घातलं होतं पानी. पंचफुलावर."

त्या सांगत राहिल्या. सुईण गरम पाणी आणायला बाहेर गेली होती. जगदेव परत आला आणि मास्तर येत नाहीत असं त्यानं बाहेरून सांगितलं.

"म्या तिले म्हनलं, येतीन वं, मास्तर येतीन. ते म्हने, आये, मले टाइम नाई. तूच घाल. म्हनलं, मले येत नाई. म्हने, येते तुले, तू दारात बसून समदं आयकलं, डांगरावरचं तुले येते. मंग म्हने, पयले धागा तोड. मास्तर म्हनत होते धाग्याच्या अंगावर पानी चालत नाई."

त्यांनी झोपलेल्या पोरीचं फडकं सारखं केलं.

"धागा म्याच बांधला होता. म्याच तोडला, इळ्यानं. पाचवीच्या आंधी तोडू नोये, हे मले मालूम होतं. तिनं हट धरला म्हनून तोडला. पानी घातलं, तुमी शिकवलं तसंच म्हनलं. ते हासली. लोटा ठेवत नाई तं गेली. म्या धागा तोडला अन् गेली, मास्तर. माह्या हातानं गेली. अन् मंग तुमी येऊन दुसऱ्या डाव घातलं. म्हनजे पयलंबी मिटलं. म्या सांगाले पायजे होतं तुमाले दारातच, पन तोंडच उघडलं नाई. आता तिले ना सटवाई धरन ना तुमचा देव."

दीड महिना ही बाई हे घेऊन दारात बसत होती. आणि मी तिला जाब द्यावा लागेल म्हणून सांगितलं होतं.

ओली गोधडी, रिकामा लोटा, नसलेला धागा. सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि घामाच्या नावावर टाकलं होतं.

मला गप्प बसता आलं असतं. तुमचं पाणी पोचलं, माझं वर पडलं त्यानं काही बिघडत नाही, एवढं म्हटलं असतं तरी बाईचं ओझं उतरलं असतं आणि माझंही झाकलं गेलं असतं. तसं वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या माझ्याकडे पाहत होत्या, त्या दिवशी पाहिलं तसंच, आणि आत्ता मला कळलं की तो राग नव्हता. ती भीती होती.

मी म्हणालो, "सोजरबाई, मी पाणी घातलं तेव्हा ती गेलेली होती. मला ते ठाऊक होतं. माझं पाणी खोटं. तुमचं खरं."

त्या म्हणाल्या, "मंग तुमी झालं काहून म्हनलं?"

"कारण तिनं बोलावलं तेव्हा मी आलो नव्हतो."

हे त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही. धाग्याचं मात्र मी काही बोलू शकलो नाही. धाग्यात काही नसतं, तुटल्यानं कुणी मरत नाही, हे वाक्य मी शंभरदा शिकवलं आहे. आज ते बोलायला मी तोंड उघडलं, आणि ज्या माणसानं तो तोडायला लावला त्याच्या तोंडी ते शोभेना.

१५ एप्रिल, शुभ शुक्रवार

फादरांना पापनिवेदनात सांगितलं. मग बाहेर ओसरीवर येऊन पुन्हा सांगितलं, कारण आत ऐकलेलं त्यांना बाहेर वापरता येत नाही. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. उजेड होता.

फादर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "धागा असला तर पाणी चालत नाही, असं मी कधी सांगितलं होतं तुला?"

मी नाही म्हणालो.

"समजावून सांग, असं मी म्हटलं होतं. नाव खोड, असं नाही. सिमोन, तुझ्यावर पाणी घातलं तेव्हा तुझ्या अंगावर काय काय होतं, ते त्या सिस्टरनं तपासलं होतं का?"

मग सोजरबाईंना बोलावलं. त्यांनी ओसरीच्या खाली उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, शब्दही म्हणून दाखवले, एक अक्षर चुकलं नाही. फादरांनी विचारलं, पाणी घालताना तुमच्या मनात काय होतं?

"माह्या मनात कायचं असन, सायेब? तिले जे पायजे होतं ते तिले भेटो. बस."

फादर म्हणाले, "पुरेसं आहे." त्यांनी नोंदवही मागितली, माझं नाव खोडलं आणि वर लिहिलं: देणारी सोजरबाई, सासू. नव्या कागदावर उतरवलं नाही. खोडलेलं तसंच दिसतं आहे.

मला सांगितलं, जगदेवला तू स्वतः सांग, उद्याच्या आत.

१६ एप्रिल, शनिवार

जगदेवला सांगितलं. तो बैलाला पाणी दाखवत होता. त्यानं बैलाचं पिणं होऊ दिलं.

"मी बलवाले आलो तवा तुमी काय शिकवून राह्यले होते, मास्तर?"

"उठणं-बसणं."

"हो," तो म्हणाला. "मले आठवते."

उद्या त्याचा बाप्तिस्मा. येशील ना, असं मी विचारलं. म्हणाला, "येतो. तिनं सांगतलं होतं जा म्हनून. तुमच्यासाठी नाई येत."

१७ एप्रिल, ईस्टर

दहाजणांचा बाप्तिस्मा झाला. फादर आत आले तेव्हा कुणीही एकदम उठलं नाही. आधी एक उठला, मग दुसरे, रुख्मिणीला तर लुगडं सावरायला वेळ लागला. चांगलं दिसत होतं.

पोरीचाही झाला. रुख्मिणी धर्ममाता. नाव मारिया ठेवलं, हाक मात्र सगळे फुलाच मारतील. सोजरबाई दारातच होत्या. मी आत या म्हणालो. "मी आपली हतं दारातच बरी. मले नाई व्हाचं किरिस्ताव. पन पोरगी तुमच्यात गेली तं तिच्या संग येऊन बसत जाईन."

फादरांनी मला काढलं नाही. पुढच्या वर्षीची यादी मात्र ते स्वतः करणार. मला ते बरोबर वाटतं. वाईटही वाटतं.

२४ एप्रिल, रविवार

दुपारी सोजरबाई पोरीला घेऊन आल्या. ओसरीवर बसल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी काळा धागा काढला, नवा.

"पोरीले दोन महिने होऊन राह्यले. बाकीचे सहा महिन्याच्या आंत गेले. धागा आनून ठेवला, पन बांधाले हात होत नाई. फेकाले पन होत नाई. तुमी म्हनसान तसं करतो."

मी म्हणालो, माय, मला विचारू नका. तुमच्या जिवाला वाटेल तसं करा.

"माह्या जिवाले आता कायी सांगताच येत नाई, मास्तर. पयले सांगत होता. तुमी ते तोडलं. म्हनून तुमालेच इचारून राह्यली."

काय शिकवायचं ते मला पाठ आहे. धड्याचा आकडाही ठाऊक आहे. समोर ही बाई होती, तिच्या हातात धागा होता. जी बाई डांगराची थट्टा करायची, तीच ही.

मी हात पुढं केले आणि पोरीला मांडीवर घेतलं. कमरेवरचं फडकं वर केलं. सोजरबाईंनी धागा कमरेभोवती फिरवला, पण म्हाताऱ्या बोटांना गाठ बसेना, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मी गाठीवर बोट धरलं. त्यांनी वरून दुसरी गाठ मारली आणि म्हणाल्या, "आता बोट काढा."

पोर झोपलेलीच होती. सोजरबाई तिला घेऊन गेल्या. हे पाप आहे का ते मला आज सांगता येत नाही. फादर पाहतात त्या कामाच्या वहीत आजच्या तारखेला मी ते लिहिलं आहे, पोरीच्या नावासकट. पुढच्या महिन्यात फादर आले की त्यांनी विचारायच्या आधी वही त्यांच्यापुढं ठेवीन.